नॉकआउट टूर्नामेंट किती वाजता संपणार, हे आधीच कसं काढायचं

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या सोसायटीत टेकन ८ या मारामारीच्या व्हिडिओ गेमची नॉकआउट टूर्नामेंट ठेवली होती. ३२ एन्ट्री, दोन पीएस ५, दुपारी २ ला सुरू आणि साडेसातच्या आरतीआधी बक्षीस वाटप, असं पत्रकावर छापलेलं. हिशोब मीच केला होता, एक मॅच १० मिनिटांची, मॅच ३१, टीव्ही दोन, म्हणजे अडीच तास आणि वर पाच मिनिटं, आरामात होतंय की. प्रत्यक्षात सेमी चालू असताना खाली आरतीची घंटा वाजली, टीव्ही भिंतीला सरकवावे लागले, आणि फायनल झाली रात्री साडेनऊला. तेव्हा हॉलमध्ये दहा-अकरा जण उरले होते. जिंकलेला मुलगा नववीतला, त्याची आजी दुपारपासून खुर्ची धरून बसली होती आणि तिला नातवाची फायनल न बघताच गोळ्या घ्यायला घरी जावं लागलं. ते मला फार लागलं, कारण मुलांनी काही चूक केली नव्हती, चूक हिशोबात होती. म्हणून या वर्षी मी हे सगळं नीट बसून काढलं आणि तसंच इथे लिहितोय, म्हणजे कॅरम असो, फिफा असो नाहीतर टेकन, तुम्हाला वापरता येईल. दहावीच्या पुस्तकातली संभाव्यता आठवत असेल तर पुरे आहे, त्यापेक्षा अवघड काही नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. टूर्नामेंटच्या पायरीला मी फेरी म्हणतो, पहिली फेरी, क्वार्टर, सेमी वगैरे. दोन खेळाडूंमधली पूर्ण लढत म्हणजे मॅच. मॅचमध्ये बेस्ट ऑफ थ्री गेम, म्हणजे आधी दोन गेम घेतले त्याची मॅच, आणि टेकनच्या एका गेममध्ये ६०-६० सेकंदांचे राऊंड, ज्याने आधी तीन राऊंड घेतले त्याचा गेम.

मॅच किती होणार हे मोजायला ड्रॉ काढायचीसुद्धा गरज नाही. प्रत्येक मॅचमध्ये एकच जण घरी जातो आणि शेवटी एक सोडून सगळे घरी गेलेले असतात, म्हणून ३२ जणांच्या ३१ मॅच, २७ जणांच्या २६. किती जणांना बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट दुसरीत जागा, द्यायचा तर पुढच्या २ च्या घातातून एन्ट्री वजा करा, ३२ वजा २७ म्हणजे पाच बाय. मोठ्या स्पर्धाही हेच करतात. २०२५ ला जॉर्जियात बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप झाला, आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकला तो, त्यात १०७ जणी होत्या, १२८ वजा १०७ म्हणजे २१, आणि खरंच पहिल्या २१ मानांकित खेळाडू थेट दुसऱ्या फेरीत होत्या. त्याच वर्षी गोव्यात जो वर्ल्ड कप झाला त्यात २०६ खेळाडू, म्हणून ५० बाय. हरल्यावर एक चान्स अजून देणारं डबल एलिमिनेशन ठेवायचं असेल तर प्रत्येकाला दोनदा हरवावं लागतं, म्हणजे ३२ जणांच्या ६२ मॅच, आणि हरलेल्यांच्या बाजूने आलेल्याने फायनल जिंकली तर अजून एक, ६३. पोरं दरवर्षी मागतात. माझं स्पष्ट मत, एका दुपारी दोन टीव्हीवर ते बसत नाही, नाही म्हणा.

आता खरा मुद्दा, एक मॅच किती वेळ चालेल. इथे प्रोबॅबिलिटी येते.

बेस्ट ऑफ थ्रीमध्ये दोन गेम तर होणारच, प्रश्न फक्त तिसऱ्याचा. तिसरा होतो कधी, तर पहिल्या दोनमध्ये एक-एक झालं तर. तुमची एक गेम जिंकायची शक्यता प आणि समोरच्याची फ धरली तर 'आधी तुम्ही मग तो' याची शक्यता प गुणिले फ, 'आधी तो मग तुम्ही' याचीही तेवढीच, म्हणून एकूण २ × प × फ. बरोबरीचे खेळाडू असतील तर ही निम्मी येते, म्हणजे सरासरी २.५ गेम. एक जण ७०-३० ने वरचढ असेल तर २.४२, ९०-१० असेल तर २.१८. बघा, ७०-३० एवढा फरक असूनही सरासरी फारशी हलत नाही, आणि २ × प × फ सगळ्यात मोठं येतं ते बरोबरीतच. हे आपल्या फायद्याचं आहे, कारण सोसायटीत कोण किती भारी ते कुणालाच माहीत नसतं, सगळे ५०-५० धरून चालायचं, चूक झाली तर ती वेळ जास्त धरल्याची होईल, कमी धरल्याची नाही.

गेमच्या आत राऊंडचं पण हेच, फक्त तीनपर्यंत जायचं. बरोबरीच्या खेळाडूंमध्ये ३-० होण्याची शक्यता पाव. ३-१ ची आठात तीन आणि ३-२ ची पण आठात तीनच. सरासरी काढली की ४.१२५ राऊंड येतात. सूत्र हवं असेल तर ३ + ३पफ + ६ × पफचा वर्ग, कुठल्याही बेस्ट ऑफ फाइव्हला चालतं, आमची फायनल पाच गेमची होती तिलाही हेच लावलं.

आता स्टॉपवॉच घ्या, ही पायरी गाळू नका. मी एका संध्याकाळी दोन पोरांना खेळायला बसवलं आणि फोन हातात धरून वीस राऊंड मोजले. सरासरी ३५ सेकंदांची मारामारी, त्यावर जिंकणाऱ्याची पोझ आणि पुढच्या राऊंडची घोषणा धरून १० सेकंद, म्हणजे राऊंड ४५ सेकंदांचा, पाऊण मिनिट. ४.१२५ गुणिले पाऊण म्हणजे ३.१ मिनिटं, गेम संपून पुढचा सुरू व्हायला ४० सेकंद, मिळून एक गेम ३.७६ मिनिटांचा. गुणिले २.५, मॅच ९.४ मिनिटं.

म्हणजे गेल्या वर्षी मी जे १० मिनिटं धरले होते ते खेळाच्या बाबतीत चुकीचे नव्हतेच. मग दोन तास गेले कुठे?

माझ्याकडे गेल्या वर्षीचा स्कोअरचा कागद होता आणि त्यावर मुलांनी प्रत्येक मॅचच्या सुरुवातीची वेळ लिहिली होती, कशी कोण जाणे पण लिहिली होती, त्यांचे आभार. त्यावरून काढलं तर एक मॅच संपून त्याच टीव्हीवर दुसरी सुरू व्हायला सरासरी ९ मिनिटं जात होती. नाव पुकारायचं, तो वडापाव खायला खाली गेलेला, मग तो स्वतःचा कंट्रोलर आणणार, तो जोडणार, बटणं आपल्यासारखी लावून घेणार, तोवर समोरचा उठून पाणी प्यायला जाणार. खेळ ९.४ मिनिटं आणि मधला वेळ ९ मिनिटं! हा मधला वेळ कुणाच्याच हिशोबात नसतो, आणि तो जवळजवळ मॅचएवढाच असतो. तुम्ही बाकी काही केलं नाही तरी चालेल, हा एक आकडा आधी मोजा.

यावर या वर्षी उपाय केला तो साधा. टीव्हीसमोर दोन खुर्च्या खेळणाऱ्यांच्या आणि मागे दोन खुर्च्या पुढच्या जोडीच्या, कंट्रोलर हातात घेऊनच बसायचं, आणि दोन पोरं फक्त बोलवायच्या कामाला. सराव म्हणून आठ मॅच खेळवून बघितल्या, मधला वेळ ४ मिनिटांवर आला. म्हणजे एक मॅच सगळं धरून साडेतेरा मिनिटं.

आता दोन टीव्ही. ३१ भागिले २ असं करू नका, फेरीफेरीने मोजा. पहिल्या फेरीच्या १६ मॅच म्हणजे एका टीव्हीवर ८ वेळा, मग ४, मग २, मग १, आणि फायनल एकटीच, तेव्हा दुसरा टीव्ही रिकामा. बेरीज १६. सोळा गुणिले साडेतेरा २१६ मिनिटं, फायनल पाच गेमची म्हणून अजून ६ मिनिटं, २२२. दुपारी २ पासून मोजलं तर ५ वाजून ४२ मिनिटं.

इथेच बहुतेक लोक थांबतात आणि पत्रकावर 'पावणेसहाला बक्षीस समारंभ' छापतात. पण ही सरासरी आहे. सरासरी म्हणजे साधारण निम्म्या वेळा तुम्ही याच्या पुढे जाणार, आणि समोर पन्नास लोक आरतीची वाट बघत उभे असताना निम्म्या वेळा चुकणं परवडत नाही. म्हणून पसारा काढायचा, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती लांबवर पसरतात त्याचं माप.

वेगवेगळ्या कारणांची डेव्हिएशन थेट मिळवत नाहीत, त्यांचे वर्ग मिळवायचे आणि शेवटी वर्गमूळ काढायचं. तिसरा गेम होणार की नाही यामुळे मॅचची वेळ वर-खाली होते त्या डेव्हिएशनचा वर्ग येतो साधारण ३.५. गेममधले राऊंड कमी-जास्त होतात त्याचा जेमतेम ०.९. आणि मधला वेळ ४ मिनिटं सरासरी असला तरी कधी दोन मिनिटं, कधी दहा, माझ्या सरावातल्या आकड्यांवरून त्याचं डेव्हिएशन ३ मिनिटं आलं, वर्ग ९. बेरीज १३.४, वर्गमूळ ३.७ मिनिटं. म्हणजे मॅचची वेळ जी बेभरवशाची वाटते त्यातला दोन तृतीयांश भाग खेळामुळे नाहीच, तो लोक जागेवर नसण्यामुळे आहे. मला हे कळलं तेव्हा मी गेमची सेटिंग बदलायचा विचार सोडून दिला आणि बोलावणारी पोरं दोनाची तीन केली.

सोळा मॅच एकामागून एक असतील तर डेव्हिएशन सोळा पट होत नाही, सोळाचं वर्गमूळ म्हणजे चार पट होतं, कारण एक मॅच लांबली तर दुसरी लवकर आटपते. ३.७ गुणिले ४, जवळपास १५ मिनिटं. दहातल्या नऊ वेळा पाळता येईल अशी वेळ हवी असेल तर सरासरीत १.२८ डेव्हिएशन मिळवायची, म्हणजे साधारण २० मिनिटं, २४२ मिनिटं, सहा वाजून दोन मिनिटं. पत्रकावर ही वेळ जाते. सरासरी नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. हे 'एक लांबली तर दुसरी आटपते' फक्त मॅच एकमेकींपासून वेगळ्या असतील तरच खरं. पाऊस आला, लाइट गेली, किंवा मधला वेळच तुम्ही चुकीचा मोजला असेल तर सगळ्याच मॅच एका दिशेने सरकतात. मधला वेळ ४ ऐवजी ७ निघाला तर १६ गुणिले ३, सरळ ४८ मिनिटं. ते वर्गमूळ तिथे कामाला येत नाही. म्हणून सरासरी मोजण्यात जास्त वेळ घालवा, डेव्हिएशन थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

टीव्ही जास्त असतील त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट आहे, आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये हमखास इथेच गडबड होते. समजा आठ कन्सोल आहेत आणि आठही मॅच एकदम सुरू केल्या, पुढची फेरी सगळ्यांचं आटपल्यावर. एका मॅचचा तिसरा गेम होण्याची शक्यता निम्मी, मग आठांपैकी एकाचाही तिसरा गेम न होण्याची शक्यता किती? निम्मे गुणिले निम्मे असं आठ वेळा, २५६ त एक. म्हणजे जवळपास नक्कीच कुठे ना कुठे तिसरा गेम होणार आणि सगळा हॉल त्या एका मॅचसाठी थांबणार. तुमच्या डोक्यात सरासरी २.५ गेम आणि फेरी घेते पूर्ण ३. फेरी सरासरीला संपत नाही, ती सगळ्यात उशिरा संपणाऱ्या मॅचला संपते. दोन टीव्हीवरसुद्धा दोन्ही मॅच एकदम बोलावल्या तर २.७५ गेम जातात, म्हणून टीव्ही रिकामा झाला की रांगेतली पुढची जोडी लगेच बसवायची, दुसऱ्या टीव्हीसाठी थांबायचं नाही.

लांबण्याला वरून झाकण आहे की नाही हेही बघून घ्या. टेकनमध्ये जास्तीत जास्त १५ राऊंड, प्रत्येक ६० सेकंदांचा, पोझ आणि लोडिंग धरून २० मिनिटांच्या वर मॅच जाऊच शकत नाही. कॅरममध्ये पण गेम २५ पॉइंटचा नाहीतर ८ बोर्डांचा, त्या आठ बोर्डांमुळे वेळ बांधलेली राहते. पण 'दोनच्या फरकाने जिंकेपर्यंत खेळा' असा नियम ठेवलात तर झाकण निघालं. २०१० ला विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांची मॅच तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं चालली, शेवटचा सेट ७०-६८. दोघांची सर्व्हिस भारी आणि शेवटच्या सेटला टायब्रेक, म्हणजे बरोबरी तोडणारा छोटा गेम, नव्हता, एवढंच कारण. विम्बल्डनने २०१९ ला शेवटच्या सेटमध्येही टायब्रेक आणला. फिफामध्ये बरोबरी झाली तर 'पुढचा गोल जिंकला' असं ठेवण्यापेक्षा थेट पेनल्टी ठेवा, तिथेही सडन डेथ लांबू शकते पण एकेक किक काही सेकंदांची असते.

न येणाऱ्यांचं काय? नाव दिलेल्या दहातला एक जण येत नाही असं धरलं तर दोघंही हजर असण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.९, ८१ टक्के, म्हणजे पहिल्या फेरीच्या १६ पैकी साधारण तीन मॅचमध्ये पुढे चाल द्यावी लागणार. मॅच वाचली म्हणून वेळ वाचेल असं वाटतं, पण गेल्या वर्षी आम्ही 'येतोय, लिफ्टमध्ये आहे' असं म्हणणाऱ्यासाठी टीव्ही अडवून बसलो होतो. या वर्षी नियम, तिसरी हाक झाली की पाच मिनिटं, तीसुद्धा पुढची मॅच सुरू करून. टीव्ही थांबता कामा नये.

हे सगळं कागदावर पटत नसेल तर खेळून बघा. मी माझ्या भाचीला घेऊन जमिनीवर नाणी टाकली, एका मॅचला एक नाणं, छापा आला तर दोन गेम, काटा आला तर तीन, आणि मधल्या वेळेसाठी फासा, जेवढे ठिपके तेवढी मिनिटं. फाशाची सरासरी साडेतीन येते, आमच्या चारच्या जवळच. सोळा मॅचची बेरीज म्हणजे एक टूर्नामेंट, अशा वीस टूर्नामेंट आम्ही तासाभरात खेळवल्या आणि तिने वहीत चढत्या क्रमाने लिहिल्या. शेवटून तिसरी जी येते तिच्यापेक्षा वीसपैकी सतरा कमी असतात, तो आकडा बघून वेळ ठरवता येते, सूत्राची गरजच नाही. गूगल शीट येत असेल तर रँड नावाचा फॉर्म्युला वापरून हजार वेळा करा, ०.५ पेक्षा कमी आला तर दोन गेम नाहीतर तीन. पण नाणी टाकून बघण्यात एक वेगळं समाधान आहे, सलग सात काटे पडतात तेव्हा कळतं की पहिल्या फेरीत ओळीने सात मॅच लांबल्या तर त्यात कुणाचा दोष नसतो.

वेळ कमीच पडत असेल तर कापायचं कुठे? सगळे म्हणतात क्वार्टर आणि सेमी एकेका गेमच्या करा. आकडे उलटं सांगतात. एक गेमची मॅच ९.४ ऐवजी ३.८ मिनिटांची होते, वाचले ५.६. क्वार्टरमध्ये एका टीव्हीवर दोनच मॅच, वाचणार ११ मिनिटं. पहिल्या फेरीत आठ, वाचणार ४५ मिनिटं. एकूण मॅचपैकी निम्म्या तर पहिल्या फेरीतच असतात. याची किंमतही माहीत असू द्या. जो खेळाडू प्रत्येक राऊंड ६० टक्के जिंकू शकतो तो एका गेमची मॅच ६८ टक्के वेळा जिंकेल, तीन गेमची ७६ आणि पाच गेमची ८१. म्हणजे एका गेमवर चांगला पोरगा शंभरातल्या ३२ वेळा पहिल्याच फेरीत घरी जाणार. आम्ही हे कमिटीत बोललो आणि पहिली फेरीसुद्धा तीन गेमचीच ठेवली, कारण सहावीतला पोरगा पावणेचार मिनिटांत बाहेर पडला तर पुढच्या वर्षी नाव देत नाही. तुमचं गणित वेगळं असेल तर कापा, पण ते पत्रकावरच छापा, चालू टूर्नामेंटमध्ये बदलू नका, भांडणं होतात.

आणि त्या दिवशी परत मोजायचं, हे विसरू नका. या वर्षी पहिल्या आठ मॅच, म्हणजे प्रत्येक टीव्हीवर चार, ६२ मिनिटांत झाल्या, साडेतेराऐवजी साडेपंधरा मिनिटांची एक. उरलेल्या बारा गुणिले साडेपंधरा १८६, फायनलचे ६, झालेले ६२, बेरीज २५४, म्हणजे सव्वासहा. तीन वाजून दोन मिनिटांनी मी हा आकडा काढला, वर थोडी जागा ठेवून कमिटीच्या ग्रुपवर साडेसहा टाकलं, आणि आरतीच्या तयारीवाल्या काकूंना स्वतः जाऊन सांगितलं की हॉल साडेसहाला रिकामा मिळेल. फायनल संपली तेव्हा सहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती, ३-२, पाचवा गेम शेवटच्या राऊंडपर्यंत गेला, आणि मागच्या भिंतीपर्यंत लोक उभे होते.